१४३५, ६१५ की २०५? साक्रीकडच्या एका घरगुती पवनचक्कीचे फेरे

आषाढातल्या एका संध्याकाळी मावसभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर बारा सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. मळ्यातली त्यांची पवनचक्की. तिची तिन्ही पाती हवेत थांबल्यासारखी दिसतात, फार तर किंचित मागे सरकतात. आवाज मात्र असा की मोबाइल कानापासून लांब धरावा लागला. खाली लिहिलं होतं : ‘दादा, चक्की थांबेल दिसते पण ओरडते. काय झालं असेल?’

माझं धुळ्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. गावाकडच्या कुठल्याही फिरणाऱ्या वस्तूने आवाज केला की फोन मला येतो. मी पहिलं विचारलं ते बॅटरीबद्दल. फ्यूज गेला होता. जळालेल्या फ्यूजमुळे चक्कीवरचा भार सुटला होता आणि ती मोकळी सुटली होती. खालचा खटका दाबून तिन्ही फेज एकमेकांना जोडायला लावल्या. दोन-चार फेऱ्यांत चक्की मंदावली, मग त्याने फ्यूज बदलला. प्रकरण इथे संपायला हवं होतं. पण फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, ‘तशीही ही वारा असून काही कामाची नाही. बाबा म्हणतात पाती बदलायची, मी म्हणतो कॉइल जळाल्या. तू रविवारी ये.’

पुढचं सगळं त्या रविवारचं, आणि त्यानंतरच्या तीन रविवारांचं.

चक्की कशी होती

मळा साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या अलीकडे. वाऱ्याचा हा पट्टाच आहे. याच तालुक्यात ब्राह्मणवेलला कंपन्यांच्या मोठ्या पवनचक्क्यांचं रानच उभं आहे. जेठापासून श्रावणापर्यंत पश्चिमेचा वारा असा सुटतो की खळ्यावर ताडपत्री टिकत नाही. भावाने चार वर्षांपूर्वी हे पाहूनच घरी चक्की बनवली. पात्यांचा व्यास २.४ मीटर. पाती देवदारी फळीची, गावच्या सुताराने रंधा मारून काढलेली. मधे जुन्या गाडीच्या पुढच्या चाकाचा हब. त्यावर लोखंडाच्या दोन थाळ्या, प्रत्येकीवर १२ निओडिमियम चुंबक, आणि थाळ्यांच्या मधे रेझिनमध्ये ओतलेल्या ९ कॉइल. तीन फेजच्या वायरी दहा मीटरच्या जीआय पाइपमधून खाली येतात, एसीची डीसी करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरमधून २४ व्होल्टच्या बॅटरीला जातात. घरातले दिवे, दोन पंखे, राउटर आणि गोठ्यावरचा कॅमेरा त्यावर चालतात. विहिरीच्या मोटरचा आणि तिचा संबंध नाही. मोटर आपली रात्रीच्या थ्री फेजची वाट पाहत बसते.

तक्रार एकच होती : वारा कितीही असो, अ‍ॅमीटरचा काटा ७ अ‍ॅम्पिअरच्या पुढे क्वचित जातो. मावशीचे यजमान, ज्यांना सगळा गाव आप्पा म्हणतो, खाटेवरून म्हणाले, ‘दख भाऊ, वारा त् घुमी राहना, पन बॅटरी भरत नही.’

त्यांचं म्हणणं वजनदार होतं, हे हिशेबाने दाखवता येतं. ८ मीटर प्रतिसेकंद वाऱ्यात २.४ मीटर व्यासाच्या वर्तुळातून, खान्देशातल्या उन्हाची विरळ हवा धरूनही, सुमारे १,२७० वॉट वाहून जातात. त्यातला चौथा-पाचवा हिस्सा जरी बॅटरीत उतरला तरी घरगुती चक्कीने काम केलं असं म्हणावं. इथे ७ अ‍ॅम्पिअर गुणिले २७ व्होल्ट, म्हणजे १८९ वॉट. सहावा हिस्सादेखील नाही.

मी म्हटलं, पाती काढायची नाहीत, कॉइल काढायच्या नाहीत. आधी ही चक्की मिनिटाला किती फेरे घेते ते कळू दे.

फेऱ्यांवाचून काहीच कळत नाही ते का

मोटरवाला माणूस कुठलंही यंत्र समोर आलं की त्याचं आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, विचारतो, ती सवय आहेच. पण पवनचक्कीत त्याला आणखी एक कारण असतं. पात्याचं टोक वाऱ्याच्या किती पट वेगाने धावतं, यावर पात्याची सगळी करामत ठरते. ही पाती वाऱ्याच्या सहा पट वेगासाठी कोरलेली होती. वारा ८ मीटर असेल तर टोक ४८ मीटर प्रतिसेकंद धावायला हवं. पात्याच्या टोकाने काढलेल्या वर्तुळाचा घेर ७.५४ मीटर, म्हणून सेकंदाला ६.४ फेरे, मिनिटाला सुमारे ३८०.

खरे फेरे ३८० च्या आसपास निघाले तर पाती बरोबर आणि दोष विजेच्या बाजूला. बरेच जास्त निघाले तर जनरेटर भार घेत नाही, कॉइल तुटल्या असतील. बरेच कमी निघाले तर पाती तरी वाईट, नाही तर काहीतरी त्यांना दाबून धरतंय. एका आकड्यावर सुताराची मजुरी की माझी मजुरी हे ठरणार होतं. माझा स्वार्थ कुठे होता ते सांगायला नको.

पहिला आकडा

भावाचा मुलगा धुळ्याला डिप्लोमा करतो. त्याने आधीच तयारी केली होती. हबच्या मागच्या बाजूला लहान चुंबक चिकटवलेला, समोरच्या स्थिर पट्टीवर, चुंबक समोरून गेला की ठोका देणारा ए३१४४ हॉल सेन्सर, आणि त्याच्या तीन बारीक वायरी त्याच पाइपमधून खाली ठोके मोजणाऱ्या आर्डुइनो बोर्डापर्यंत. चक्कीचं डोकं वाऱ्याबरोबर वळतं, त्यामुळे पाइपमधल्या वायरींना पीळ बसतो. तो अधूनमधून खालून सोडवावा लागतो, म्हणून सगळ्या वायरी एकत्र बांधलेल्या. एका फेऱ्याला एक ठोका, ठोके मोजायचे, आरपीएम स्क्रीनवर. विचार अगदी सरळ.

वारा वाढला, चार्जिंग सुरू झालं, स्क्रीनवर १४३५ आले.

पोरगा खूश. मी खिशातून पेन काढलं. १४३५ ला ६० ने भागलं तर सेकंदाला २४ फेरे, गुणिले ७.५४, म्हणजे टोकाचा वेग १८० मीटर प्रतिसेकंद. ताशी साडेसहाशे किलोमीटर. आप्पांना सांगितलं तर ते उठून बसले : ‘हाई पवनचक्की शे का इमान?’

देवदारी लाकडाचं पातं त्या वेगाला टिकत नाही. ते केव्हाच शेजारच्या मक्यात जाऊन पडलं असतं. म्हणजे आकडा खोटा. पण खोटा आकडाही काहीतरी सांगत असतो, म्हणून मी पोराला सेन्सर काढू दिला नाही. बसून पाहिलं.

वारा मंदावला की स्क्रीन ११०, १२५, १४० असं दाखवायची आणि डोळ्यांनी पाहता ते पटायचं. अ‍ॅमीटरचा काटा शून्यावरून हलला की आकडा एकदम हजाराच्या पार. पुन्हा वारा पडला, काटा शून्यावर, की आकडा पुन्हा शहाणा. तीन वेळा पाहिलं, तिन्ही वेळा तसंच. सेन्सर बिघडलेला नव्हता. तो करंट वाहायला लागला की भ्रमिष्ट व्हायचा.

मग मी सेन्सरची ५ व्होल्टची वायर खालून उपटून टाकली. आता सेन्सर मेलेला. वारा आला, चार्जिंग सुरू झालं, आणि मेलेल्या सेन्सरच्या वायरीवरून स्क्रीनने १२३० दाखवले. पोराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

कारण त्या पाइपातच होतं. अठरा मीटर लांब, बारीक, १० किलो-ओहमच्या रेझिस्टरने कशीबशी वर धरलेली सिग्नलची वायर, आणि तिला पट्ट्यांनी आवळून बांधलेल्या तीन पॉवर वायरी. ब्रिज रेक्टिफायरमधला करंट गुळगुळीत वाहत नाही, झटक्याने चढतो-उतरतो, आणि प्रत्येक झटका शेजारच्या वायरीत आपली सावली टाकतो. १२ ध्रुवांच्या जनरेटरमध्ये एका फेऱ्यात विजेच्या ६ लाटा येतात, म्हणून फेऱ्याला ६ खोटे ठोके. सेन्सर जिवंत असला तर त्याचा स्वतःचा एक खरा, मिळून ७. जिवंत सेन्सरचे १४३५ भागिले ७, मेलेल्याचे १२३० भागिले ६. दोन्ही वेळा उत्तर २०५.

हे मी लगेच म्हटलं नाही. सात आणि सहाने नेमका भाग गेला म्हणून खूश होणं हा मोटरवाल्यांचा जुना रोग आहे. २०५ ला साक्षीदार हवा होता.

दुसरा आकडा, आणि तो जवळजवळ फसवून गेला

मी चहा घेत होतो तेवढ्यात पोराने प्रोग्राममध्ये एक ओळ टाकली : एक ठोका मोजल्यावर ६० मिलिसेकंद दुसरा मोजायचाच नाही. कल्पना चांगली, पुस्तकी आहे. चक्की हजार आरपीएमच्या वर जाणारच नाही, मग त्याहून जवळचे ठोके म्हणजे कचरा.

स्क्रीनवर ६१५ आले. आकडा स्थिर, उड्या नाहीत. वर पोराने आणखी एक पुरावा काढला. माझ्यासमोर तोच आषाढातला व्हिडिओ धरला. ‘काका, मोबाइल सेकंदाला ३० चित्रं घेतो. तीन पाती. मिनिटाला ६०० फेरे म्हणजे सेकंदाला १०. दर सेकंदाला ३० पाती एकाच जागेवरून जातात, म्हणजे प्रत्येक चित्रात पुढचं पातं आधीच्या पात्याच्या जागी. म्हणून थांबल्यासारखी दिसतात. किंचित मागे सरकतात म्हणजे ६०० हून जरा कमी. आणि सेन्सर म्हणतो ६१५. जमलं!’

व्हिडिओचा अर्थ त्याने अगदी बरोबर लावला होता. (पात्यांना १२०० वरही असंच थांबलेलं दिसावं लागतं, पण त्या वेगाला टोक १५० मीटर प्रतिसेकंद धावतं, तेव्हा तो पर्याय गळतो. आणि ३०० वर तीनऐवजी सहा पाती लुकलुकताना दिसली असती.) भार सुटलेली ही चक्की त्या संध्याकाळी खरोखर ६०० च्या जवळ होती. टोकाचा वेग ७५ मीटर. गंमत म्हणजे ८० मीटर व्यासाची कंपनीची मोठी चक्की मिनिटाला १८ फेरे घेते तेव्हा तिचं टोकही ७५ मीटरनेच धावत असतं, पण तिची पाती देवदारी फळीची नसतात.

भाऊ म्हणाला, झालं तर मग, दोघं जुळले. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण व्हिडिओतली चक्की मोकळी होती आणि समोरची बॅटरीला जुंपलेली. बैल सुटून पळतो त्या वेगाने तो नांगर ओढत नाही. शिवाय आधी आम्ही एक साधी गोष्ट मोजली होती : बॅटरी सोडून दिली तर १५० आरपीएमला ब्रिजवर २५ व्होल्ट येतात. व्होल्टेज फेऱ्यांच्या प्रमाणात वाढतं. ६१५ ला आतून १०० व्होल्टच्या वर ढकलत असणारा जनरेटर २७ व्होल्टच्या बॅटरीत फक्त ७ अ‍ॅम्पिअर कसा देईल? मी कॉइल आणि वायर मिळून रेझिस्टन्स मोजला होता, साधारण १ ओहम. म्हणजे ७० अ‍ॅम्पिअर यायला हवेत, आणि कॉइलचा धूर.

६१५ कुठून आले तेही नंतर कळलं. २०५ आरपीएमला खोटे ठोके दर ४९ मिलिसेकंदांनी येतात. ६० मिलिसेकंदांचं कुलूप त्यांतला एकाआड एक ठोका गिळतं आणि फेऱ्याला तीन उरतात. २०५ गुणिले ३. व्हिडिओशी तो जुळला हा निव्वळ योगायोग. १४३५ वर कोणीही हसलं असतं. ६१५ वर कोणी हसत नाही, म्हणून मला तो जास्त वाईट आकडा वाटतो.

साक्षीदार

फेरे मोजायचा टॅकोमीटर माझ्याकडे आहे, चकाकती पट्टी चिकटवून प्रकाश टाकायचा तो. मोटरच्या शाफ्टला वीतभर अंतरावरून उत्तम चालतो. दहा मीटर खालून, भर उन्हात, त्याला काहीही दिसलं नाही. तो पिशवीत परत गेला.

मग दोन गोष्टी केल्या. पहिली, जी मला पहिल्यांदाच सुचायला हवी होती. चक्कीच्या तीन फेज खाली आपल्या हातातच होत्या. जनरेटर स्वतःच टॅकोमीटर आहे. वेगळा चुंबक नको, वेगळा सेन्सर नको, वर चढायलाही नको. ब्रिजच्या अलीकडे कुठल्याही दोन फेजवर मल्टिमीटर लावायचा आणि हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला विजेच्या किती लाटा येतात ते, वाचायचे :

आरपीएम = १२० × हर्ट्झ ÷ ध्रुवांची संख्या

इथे पोराने परत एक ठेच खाल्ली आणि ती बरेच जण खातात. चुंबक दोन थाळ्यांवर मिळून २४, म्हणून त्याने २४ ने भागलं. पण समोरासमोरचे दोन चुंबक मिळून एकच ध्रुव बनतो, म्हणून ध्रुव १२. हर्ट्झला १० ने गुणलं की झालं.

ब्रिजमुळे लाटेचा माथा कापलेला असतो, काठावर दातरे असतात, त्यामुळे मल्टिमीटर मधेच दुप्पट-तिप्पट आकडा दाखवत होता. १० किलो-ओहमचा रेझिस्टर एका पिनेला जोडला, दोन पिनांमधे ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. दातरे गेले. वाऱ्याच्या जोरात मीटर २०.५ वर बसला. २०५ आरपीएम.

दुसरी गोष्ट विजेशी संबंध नसलेली हवी होती, नाही तर दोन्ही साक्षीदार एकाच घरचे. खांब तिरपा करून खाली घेतला आणि एका पात्याच्या टोकाला लाल इन्सुलेशन टेप गुंडाळला. तीन सारख्या पात्यांत कुठलं कुठलं हे डोळ्याला कळत नाही, लाल टोकाचं कळतं. खांब परत उभा केला, मोबाइल स्लो मोशनवर, सेकंदाला २४० चित्रं. एक जण मीटर वाचतोय, एक जण व्हिडिओ घेतोय, मी ‘आता’ म्हणतोय. मीटरने २०.५ दाखवलं त्या वेळच्या व्हिडिओत लाल टोक दहा वेळा खाली येईपर्यंतची चित्रं पोराने एकेक करून मोजली. ७०२ भरली. एका फेऱ्याला ७०.२ चित्रं, म्हणजे सेकंदाला ३.४२ फेरे, मिनिटाला २०५.

आता मी वहीत लिहिलं.

वाऱ्याचा आकडाही असाच नीट घ्यावा लागला. पोराने कॉलेजच्या लॅबमधून वारा मोजायचा कपांचा अ‍ॅनिमोमीटर मागून आणला होता. तो जमिनीवर हातात धरून काही उपयोग नाही. वर आणि खाली वाऱ्यात फार फरक पडतो. खांबालाच, पात्यांच्या दोन मीटर खाली, आडवा बांबू बांधून तो बसवला. शिवाय झुळूक आधी कपांना लागते आणि चक्की मागाहून वेग घेते, म्हणून क्षणाच्या क्षणाला आकडे जुळवले तर काहीच जुळत नाही. आम्ही एकेका मिनिटाची सरासरी घेतली. लहान पवनचक्क्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकातही एका मिनिटाचीच सरासरी धरतात. ती मिनिटं वाऱ्याच्या वेगानुसार अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या खणांत टाकली. ८ मीटरच्या खणात एका दुपारी एकवीस मिनिटं मिळाली. खान्देशातल्या आषाढाची कृपा.

निदान

८ मीटर वाऱ्यात ३८० हवे होते, निघाले २०५. टोकाचा वेग वाऱ्याच्या सहा पट हवा, होता ३.२ पट. आणि त्याच वाऱ्यात मोकळी सुटली तर हीच पाती ६०० गाठत होती. मेलेली पाती ६०० गाठत नाहीत. कॉइलही शाबूत होत्या. तिन्ही फेजचं व्होल्टेज सारखं, रेझिस्टन्स सारखा.

म्हणजे पातीही चांगली, जनरेटरही चांगला, आणि दोघांचा संसार मात्र जमत नव्हता. जनरेटर गरजेपेक्षा तगडा होता. १५० आरपीएमलाच तो बॅटरीच्या व्होल्टेजला पोचायचा आणि त्यापुढे प्रत्येक जादा फेऱ्याला करंटची मागणी इतकी वाढवायचा की पात्यांना वेग घेताच येत नसे. बॅटरी त्यांना मानेला धरून खाली दाबत होती. पातं ठरलेल्या वेगाहून फार हळू फिरलं की वारा त्याच्या पाठीवरून सुटून जातो, भोवरे होतात, ओढ मरते. इंग्रजीत याला स्टॉल म्हणतात, आपल्याकडचे चक्कीवालेही तोच शब्द वापरतात.

मुद्दाम असं कोणी केलं नव्हतं. १५० आरपीएम हा आकडा ३ मीटरच्या मंद वाऱ्यालाही चार्जिंग सुरू व्हावं म्हणून धरलेला होता. कागदावर तो चूक नाही. फक्त आप्पांच्या मळ्यात आषाढात मंद वारा असतोच कुठे?

हिटरची तार

निदान सांगितलं तर भावाला पटेना. मी सुचवलेला उपाय ऐकून तर आणखीच पटेना : ब्रिज आणि बॅटरीच्या मधे १ ओहमचा रेझिस्टन्स घालायचा. ‘दादा, आधीच करंट कमी, त्यात वाट अडवायची?’

घरात २,००० वॉटच्या हिटरची जुनी कॉइल पडलेली होती. तिचा रेझिस्टन्स २६ ओहमच्या आसपास असतो, म्हणजे तिचा सव्विसावा भाग साधारण १ ओहम. तेवढा तुकडा कापला, हिटरच्याच मातीच्या प्लेटच्या खाचेत बसवला, दोन्ही टोकं नट-वॉशरने आवळली, आणि चक्की सुरू केली. वारा भरला तशी तार आधी काळपट, मग लालसर झाली. गोठ्याच्या कट्ट्यावर भर दुपारी शेगडी पेटल्यासारखी. सत्तर वॉटची वीज तिथे सरळसरळ जळत होती.

मीटरवर २६.५ हर्ट्झ. आणि अ‍ॅमीटरचा काटा, जो चार वर्षं ७ च्या पुढे जात नव्हता, तो ८.६ वर.

भावाने तार काढून पाहिली : ७. लावून पाहिली : साडेआठ. त्याने हे पाच वेळा केलं. सत्तर वॉट उघड्यावर जाळूनही बॅटरीत चाळीसेक वॉट जास्त पडत होते, कारण मान मोकळी झालेल्या पात्यांनी वाऱ्यातून त्याहून कितीतरी जास्त ओढायला सुरुवात केली होती. आरपीएम मोजला नसता तर हा उपाय कोणाच्या स्वप्नातही आला नसता, आणि सुचवणाऱ्याला गावाने वेड्यात काढलं असतं.

कायमचा इलाज

तार हा पुरावा होता, इलाज नव्हे. इलाज म्हणजे दोन थाळ्यांमधली फट वाढवून चुंबकांचा जोर कॉइलवर कमी पाडायचा. काम वॉशरचं, पण धोक्याचं. बारा-बारा चुंबकांच्या थाळ्या एकमेकींना शेकडो किलोच्या जोराने ओढतात. मधे बोट सापडलं तर ते बोट राहत नाही. जॅकसारखे तीन लांब आट्यांचे बोल्ट लावून, प्रत्येकाला आळीपाळीने अर्धा-अर्धा आटा देत, पुढची थाळी उचलली. पोरांना दहा पावलं लांब उभं केलं. प्रत्येक स्टडवर तीन वॉशर, मिळून पाचेक मिलिमीटर, मग त्याच चालीने थाळी खाली. कॉइलची चकती मधोमध राहावी म्हणून तिच्याही मागे वॉशर द्यावे लागले. या सगळ्याला दुपारचे चार तास आणि मावशीच्या हातची शेवभाजी लागली.

आता चार्जिंग १५० ऐवजी १८० आरपीएमला सुरू होतं, म्हणजे मीटरवर १८ हर्ट्झ. ८ मीटरच्या खणातल्या मिनिटांची सरासरी : २६ हर्ट्झ, ९.३ अ‍ॅम्पिअर, बॅटरीत २५० वॉट. आधीचे १८९. टोकाचा वेग वाऱ्याच्या ४.१ पट. सहा अजून लांब आहे. आणखी एक वॉशर घालावा असं पोराचं म्हणणं आहे, माझं नाही. थंडीच्या दिवसांत मंद वाऱ्याच्या रात्री चक्की नुसती फिरते, भरत नाही, हा तोटा झालाच आहे. तेव्हा उन्हं लख्ख असतात आणि गोठ्यावरचं सोलर पॅनेल ती बाजू उचलतं. आणखी ढिलं केलं तर तो तोटा वाढेल, आणि खटका दाबल्यावर थांबण्याची ताकदही कमी होईल. ब्रेक हा त्याच चुंबकांच्या जोरावर लागतो.

हॉल सेन्सरचं पोराने नंतर नीट केलं. सिग्नलला जाळीची वायर, १० किलोऐवजी १ किलो-ओहम, आणि वायर पॉवरच्या जुडीतून सोडवून पाइपच्या बाहेरून. पीळ बसतो तेव्हा ती वेगळी सोडवावी लागते, त्याची त्याला हौस आहे. आता सेन्सर आणि हर्ट्झ दोन-तीन फेऱ्यांच्या फरकाने जुळतात.

फ्यूजचा प्रश्न उरला होता. तो पुन्हा गेला तर चक्की पुन्हा ६०० ला जाणार, आणि ब्रिजवर ८०-८५ व्होल्ट. फ्यूजचा ढिला होल्डर बदलला, आणि तिन्ही फेज जोडणारा खटका बॅटरीच्या खोलीतून काढून ओसरीवर, हात पोचेल असा बसवला. त्याच्या बाजूला हर्ट्झचा छोटा पॅनेल मीटर. वादळात हा खटका दाबायचा तर झुळूक ओसरल्याच्या क्षणी दाबायचा. भर जोरात दाबला तर थांबता थांबता कॉइल तापतात, हे दोघांना घोकून दिलं. मीटरखाली आप्पांनी गेरूने भिंतीवर मोठा आकडा काढून ठेवला : ४०. म्हणजे ४०० आरपीएम. त्यावर गेलं की खटका.

श्रावणातल्या एका रात्री साडेअकराला भावाचा फोन आला. मागे पावसाचा आवाज. ‘दादा, एक्केचाळीस झाले होते. बाबांनीच उठून दाबला. झोपेत आवाज ओळखला म्हणे.’